भोपळ्याच्या वेलीवर कापसाचं औषध नको

(वाशी येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणं झालं, ज्वारीच्या खरेदीवर झालं, पीकविम्यावर तर जेवणाची वेळ टळून गेली. त्यानंतर हा माणूस भोपळ्यावरच्या किडींविषयी बोलणार आहे असं जाहीर झालं तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटलं. त्यात नवल नाही. भोपळा, दुधी, दोडका, कारलं, काकडी, वाळूक यांना आपण पीक समजतच नाही. कापूस म्हणजे पीक, ज्वारी म्हणजे पीक, अलीकडं सोयाबीन म्हणजे पीक. वेल लावणं हे बायकांचं काम. पाऊस पडला की घरातली बाई गाठोड्यातलं बी काढते, गोठ्याच्या कुडाशी दोन आळी करते, उकिरड्याच्या कडेला काशीफळाचे चार दाणे टोचते आणि कापसाच्या कडेच्या तासात वाळूक टाकते. त्याची नोंद सात-बाऱ्यावर होत नाही आणि कोणत्याही उत्पादनखर्चाच्या तक्त्यात त्याची मजुरी धरली जात नाही.

पण हिशेब करून पाहा. पेरणीत घरातला रोख पैसा संपलेला असतो. कापसाची पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या आसपास, रब्बीची ज्वारी तर संक्रांतीच्याही पुढं. मधले चार महिने आठवडी बाजारात भाजीला पैसे काढायचे कुठून? ते चार महिने ही वेल चालवते. पितरांच्या पानात भोपळा वाढला जातो तो तिचाच, घारगे होतात ते तिच्याच काशीफळाचे. चांगलं पिकलेलं काशीफळ माळ्यावर ठेवलं तर वेळ अमावस्येपर्यंत हलत नाही.

आपल्याच जिल्ह्यात दुष्काळाच्या वर्षांत स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबरच्या बायकांनी घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर स्वतःकडं मागून घेतला आणि त्यात भाजी, कडधान्य, धान्य मिसळून लावलं. कापूस आणि सोयाबीन वाळून गेलं तरी त्या तुकड्यानं घरातली चूल चालू ठेवली. या कामासाठी २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार त्या संस्थेला मिळाला. ज्याला आपण बायकांचं काम म्हणून बाजूला ठेवतो त्याची दखल जगानं घेतली, गावच्या पारावर मात्र अजून घेतलेली नाही.

आता मुद्द्यावर येतो. कापसावर फवारून झालं. पंपाच्या तळाशी लिटर-दोन लिटर पाणी उरलं. फेकून देववत नाही, औषधाला पैसे मोजलेत. घरी येता येता गोठ्याजवळच्या दोडक्याकडं लक्ष जातं. बायको चार दिवसांपासून म्हणतेय की पानांना भोकं पडलीत. मग उरलेलं तिथंच मारलं, तिचंही काम झालं आणि पंपही रिकामा झाला. या मांडवात बसलेल्यांपैकी किती जणांनी हे केलंय, हात वर करायला मी सांगत नाही.

त्याच दोडक्यावरून दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी तोडली जाते.

औषधाच्या डब्याबरोबर घडीचा कागद येतो. त्यावर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते छापलेलं असतं. काही औषधांना तो काळ थोडका आहे, काहींना दोन आठवडे आणि त्याहून जास्त. कापसात हा आकडा आपल्याला अडचणीचा वाटत नाही, कारण कापूस कुणी खात नाही. दोडका आणि दुधी मात्र दर दोन-तीन दिवसांनी तोडावा लागतो, नाहीतर जून होतो. मग दहा-पंधरा दिवस थांबायचं औषध या वेलीवर बसतच नाही. हे साधं गणित आहे, याला पदवी लागत नाही. त्यात कापसावरची बरीचशी औषधं आंतरप्रवाही असतात. रस शोषणाऱ्या किडींसाठी ती केलेली आहेत, म्हणून ती पानातून शिरून झाडाच्या रसात फिरतात. ती धुऊन जात नाहीत. मिठाच्या पाण्यात भाजी बुडवली की विष उतरतं असं जे सांगितलं जातं, ते अशा औषधाला लागू नाही.

मोनोक्रोटोफॉस तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचं. भाजीपाल्यावर ते वापरायला सरकारनं २००५ सालीच बंदी घातली. बंदी भाजीपुरती होती, कापसासाठी ते दुकानात मिळत राहिलं, आणि कापसाच्या नावानं आणलेली बाटली भाजीवर रिकामी होत राहिली. शेवटी २०२३ साली केंद्र सरकारनं त्याच्या ३६ टक्के द्रावणावरच बंदीचा आदेश काढला. कागदावर बंदी आली म्हणून कोनाड्यातली जुनी बाटली नाहीशी होत नाही, एवढं लक्षात ठेवा.

वाळकाचा धोका तर याहून मोठा. दोडका निदान शिजतो. वाळूक पोरं तासातच बसून खातात, सदऱ्याला पुसून. कापसात वाळूक लावलं म्हणजे कापसावरची प्रत्येक फवारणी वाळकावर झाली. तेव्हा माझं पहिलं सांगणं असं की ज्या कापसावर फवारणी होणार आहे त्या कापसात वाळूक, काकडी, चवळी काहीही खायचं लावू नका. ज्वारीच्या किंवा तुरीच्या बाजूला लावा, घराजवळ लावा, वारा कापसाकडून वेलीकडं येणार नाही अशी बाजू धरा. आधीच लावून झालं असेल तर फवारणीच्या आदल्या दिवशी येतील तेवढी फळं तोडून घ्या, आणि नंतर कागदावर लिहिलेले दिवस उलटेपर्यंत त्या तासात पोरांना जाऊ देऊ नका.

कोण खातंय ते आधी पाहा

कृषी सेवा केंद्रावर जाऊन आपण म्हणतो, "दोडक्याला कीड पडलीय, औषध द्या." कोणती कीड हे दुकानदार विचारत नाही आणि आपण सांगत नाही. डॉक्टरकडं जाऊन नुसतं "आजारी आहे" म्हणण्यासारखं हे झालं. वेलीवरच्या किडी मोजक्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. पान कसं खाल्लंय, पानाच्या खाली काय आहे आणि वेल किती दिवसांची आहे, एवढं पाहिलं की पुरे. एक सावधगिरी घ्या. हल्ली पोरं मोबाइलवर भोपळ्याची कीड शोधतात आणि अमेरिकेतल्या किडींची चित्रं समोर येतात. तिकडं भोपळ्यावर जो ढेकूण येतो आणि वेलीचं खोड पोखरणारा जो पतंग आहे, ते आपल्याकडचे शत्रू नाहीत. त्यांच्यावरचे उपाय वाचून आपल्या वेलीवर करू नका.

पहिला येतो तांबडा भुंगेरा. नारिंगी-लाल, चकचकीत, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा लांबट. बी उगवून दोन दळं वर आली की हा हजर. पानाला गोल गोल भोकं दिसली की हाच समजा. वेल दोन पानांची असताना चार भुंगेरे आले तर ती मरते, पाच-सात पानांवर गेली की तेच चार भुंगेरे तिचं फारसं काही बिघडवू शकत नाहीत. म्हणून याच्याशी लढाई पहिल्या पंधरा-वीस दिवसांची आहे. नंतर मोठ्या वेलीवर तो दिसला म्हणून पंप उचलण्याचं काही कारण नाही.

या पंधरा-वीस दिवसांत काय करायचं? आळ्यात दोन बिया टाकायच्या जागी पाच-सहा टाका, जगतील त्यातल्या चांगल्या दोन ठेवा. रोपावर काड्या रोवून जुन्या साडीचा किंवा फाटक्या मच्छरदाणीचा तुकडा अंथरा आणि कडा मातीनं दाबा. वेल चालू लागली की काढून घ्या. भुंगेरा ऊन चढल्यावर चपळ होतो, हात नेला की उडतो. पहाटे थंडीनं तो सुस्त असतो, तेव्हा साबणाच्या पाण्याचा डबा पानाखाली धरून टिचकी मारली की पाण्यात पडतो. शाळेत जाण्याआधी पोरांना हे काम द्या. आणि तिसरं, दंव असताना गोवरीची राख कापडातून झटकून पानावर धरायची. आपल्या आज्या हे करत होत्या. राखेनं भुंगेरा मरत नाही, पण राख बसलेलं पान त्याला नको असतं. पावसानं धुतली की पुन्हा धरावी लागते, हा त्यातला त्रास.

तांबड्या भुंगेऱ्याची एक गोष्ट आपल्याला दिसत नाही. तो वेलीच्या बुडाशी ओल्या मातीत अंडी घालतो. त्यातून निघालेली पांढरट अळी मातीत राहून मुळं खाते आणि मातीला टेकलेल्या फळात खालून शिरते. वेलीला पाणी आहे, पान हिरवं आहे आणि तरी ती दुपारी मान टाकते, तेव्हा बुडाशी उकरून पाहा. वाळूक किंवा काशीफळ मातीला टेकू देऊ नका, खाली कडब्याच्या चार काड्या सारा. हंगाम संपला की आळी खणून उन्हात उघडी करा, म्हणजे मातीतल्या अळ्या आणि कोष पक्षी टिपतात. कारल्याच्या वाटेला हा भुंगेरा फारसा जात नाही, हेही पाहून ठेवा.

दुसरा भुंगेरा ठिपक्यांचा. इथं मात्र नीट लक्ष द्या, कारण यात आपण आपल्याच माणसाला मारतो. ज्वारीवर मावा पडून चिकटा सुटतो तेव्हा पानावर पाठ फुगलेले, चकचकीत, लाल-पिवळे किडे फिरताना दिसतात. हे ढालकिडे, लेडीबर्ड भुंगेरे. मावा खाणं हेच त्यांचं काम. त्यांची अळी काळसर, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीसारख्या ठेवणीची आणि पळणारी असते. तिला कीड समजून औषध मारणारे मी पुष्कळ पाहिले. याच कुळातला एक भाऊ पालेखाऊ निघाला. कारलं, दोडका आणि वांग्यावर तो असतो. त्याचा रंग मळकट तांबूस, अंगावर बारीक लव, चमक नाही, आणि ठिपके पुष्कळ, बारा किंवा अठ्ठावीस. त्याची अळी पिवळी, अंगभर फाटे फुटलेले काटे असलेली, जागेवरून फारशी न हलणारी. तो पानाचा हिरवा भाग खरवडून खातो आणि शिरा ठेवतो, पान जाळीसारखं दिसतं. तेव्हा ठिपके मोजत बसू नका. चमकणारा आणि मावा असलेल्या पानावर फिरणारा तो मित्र. मळका आणि जाळी झालेल्या पानावर बसलेला तो शत्रू. शत्रूची पिवळी अंडी पानाखाली पुंजक्यानं उभी असतात. ते पान तोडून चुलीत घाला. घरच्या चार वेलींना एवढं पुरतं.

मावा, पांढरी माशी, तुडतुडे यांच्याविषयी कापसामुळं तुम्हाला मी काही सांगावं असं नाही. वेलीवर ते असतातच. मित्रकिडे जिवंत ठेवले तर मावा सहसा हाताबाहेर जात नाही. पांढरी माशी आणि मावा रस किती पितात यापेक्षा ते रोग नेतात हे वाईट. पान पिवळं-हिरवं चट्ट्यांचं, आकसलेलं, नवा शेंडा लहान राहिलेला अशी वेल दिसली की तो विषाणूचा रोग. त्याला दुकानात औषध नाही, कुणी देत असेल तर तो पाणी विकतोय. ती एक वेल उपटून पुरा, बाकीच्या वाचतील.

फळमाशी

आता खरी शत्रू. भुंगेऱ्यानं पान खाल्लेलं दिसतं म्हणून आपण त्याच्यावर चिडतो. फळमाशी कुणाला दिसत नाही आणि सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. जातीप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे वेलवर्गीय फळांचं ३० टक्क्यांपासून पूर्ण फळ हातचं जाण्यापर्यंत नुकसान नोंदलेलं आहे. पावसाळी, दमट हवेत तिचा जोर.

घरातल्या माशीपेक्षा थोडी वेगळी, तांबूस-पिवळी, पंखांवर काळसर पट्टे असलेली ही माशी. मादीच्या शेपटीला सुईसारखं टोक असतं. फळ कोवळं, करंगळीएवढं असताना ती ते टोक आत खुपसून सालीखाली अंडी घालते. त्या जागी रसाचा बारीक थेंब येऊन वाळतो, डिंकाच्या मण्यासारखा. हीच तिची सही. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात, पांढऱ्या अळ्या गर खातात, फळ वाकडं होतं, त्या जागी दबतं, पिवळं पडून सडतं. वाळूक वरून धड आणि कापलं की आत वळवळ, हा अनुभव प्रत्येक घराला आहे. आठवडाभरात अळीची वाढ पुरी होते, ती फळातून बाहेर येते, उडी मारून मातीत पडते आणि मातीत कोष करते. पुढच्या आठ-दहा दिवसांत नवी माशी वर येते.

हा फेरा नीट समजून घेतला तर औषध का उपयोगी नाही ते आपोआप कळतं. अंडी सालीखाली, अळी फळात, कोष मातीत. तिन्ही ठिकाणी फवारा पोचत नाही. उरली माशी. ती वेलीवर फक्त अंडी घालायला येते, बाकीचा वेळ शेजारच्या उंच झाडोऱ्यात, मका-ज्वारीच्या पानांखाली विसावते. म्हणजे आपण वेल भिजवतो तेव्हा ती बहुधा तिथं नसतेच. फवाऱ्यात सापडतात ते मधमाशी आणि ढालकिडा.

मग फेरा तोडायचा कुठं? फळात. किडकं फळ दिसलं की आपण ते तोडून कुठं टाकतो? उकिरड्यावर, नाहीतर बांधावर. म्हणजे शंभर अळ्यांना आपण स्वतः मऊ मातीपर्यंत नेऊन सोडलं. रोज सकाळी भाजी तोडताना किडकं, वाकडं, डिंक आलेलं, गळून पडलेलं प्रत्येक फळ वेगळ्या टोपलीत गोळा करायचं. खताच्या गोणीच्या आतली प्लास्टिकची पिशवी धड असेल तर त्यात भरून तोंड घट्ट बांधून उन्हात टाका, अळ्या आतच मरतात. नाहीतर दोन फूट खोल खड्डा करून पुरा आणि वरून माती दाबा. वीतभर पुरलं तर माशी वर येते, दोन फूट म्हणजे दोन फूटच. वेलीखालची माती आठवड्यातून एकदा खुरपीनं हलवा, घरच्या कोंबड्या मोकळ्या असतील तर त्या कोष वेचतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि महिनाभर सलग केलं तरच दिसतं. पण फळमाशीवर याच्याइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय नाही.

दुसरा उपाय कामगंध सापळ्याचा. प्लास्टिकच्या डब्यात एक लाकडी ठोकळी असते, तिच्या वासाला नरमाशी येते आणि आत मरते. दुकानात घेताना एक गोष्ट विचारून घ्या. आंबा-पेरूच्या फळमाशीचा वास वेगळा, त्याला मिथिल युजेनॉल म्हणतात. वेलीच्या फळमाशीचा वास वेगळा, त्याला क्यू-ल्युअर म्हणतात. आंब्याची ठोकळी दोडक्याच्या मांडवावर टांगली तर डबा रिकामा राहतो आणि आपण म्हणतो सापळा फसवा आहे. दीड-दोन महिन्यांनी ठोकळी बदलावी लागते. दुसरी गोष्ट, यात नरच सापडतो. डबा भरला म्हणजे फळं वाचली असं नाही. आधीच फळलेली मादी अंडी घालतच असते, आणि शेजारच्या आळीतूनही येते. एकट्या घरानं एक डबा टांगून त्याचा गुण फारसा दिसायचा नाही. आख्ख्या वस्तीनं एकदम टांगले आणि किडकी फळंही एकदम गोळा केली तर दिसतो.

एकदम केल्यानं काय होतं याचा दाखला जपानच्या ओकिनावा बेटांचा आहे. ही माशी मूळची आपल्याच बाजूची, हिंदुस्थान आणि आग्नेय आशियातली. तिथून ती पॅसिफिकमधल्या हवाईपर्यंत आणि जपानच्या दक्षिण बेटांपर्यंत गेली. ओकिनावाच्या शेतकऱ्याला त्यामुळं आपली कारली-काकडी मुख्य जपानच्या बाजारात पाठवायला बंदी होती. तिथल्या सरकारनं १९७२ साली मोहीम सुरू केली आणि नपुंसक केलेल्या माश्या कारखान्यात वाढवून बेटांमागून बेटांवर अब्जावधींनी सोडल्या. मादीचा मेळ त्यांच्याशी झाला की अंडी फुटत नाहीत. १९९३ साली शेवटच्या बेटावरूनही माशी संपली आणि बाजार उघडला. तो खर्च आपल्या हातचा नाही आणि आपल्या चारी बाजूंना समुद्रही नाही. पण एका शेतात माशी संपवता येत नाही, सगळ्या शिवारानं मिळूनच तिला रोखता येतं, हे तिथल्या सरकारला कळलं होतं.

तिसरा उपाय मायबहिणींच्या हातचा. फूल मिटून फळ धरलं हे दिसलं की दोन-तीन दिवसांत त्याला जुन्या वर्तमानपत्राची सुरळी किंवा कापडाची पिशवी घाला, वरून सैल बांधा. दोडका, कारलं, दुधी यांना हे चांगलं जमतं. कागद पावसात भिजला की बदलावा लागतो.

कृषी विद्यापीठांच्या शिफारशीत गूळ घातलेलं विषारी आमिषही आहे. ते कडेच्या मका-ज्वारीच्या पानांवर टिपक्या-टिपक्यांनी मारायचं असतं, वेलीवर नाही. पण मग त्या ज्वारीचा चारा जनावराला घालता येत नाही, आणि आपल्या घरी कडबा कोणता कुठल्या कडेचा हे वैशाखात कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून एकरभर दोडका बाजारासाठी करणाऱ्यानं कृषी सहायकाला विचारून ते करावं. घरच्या चार वेलींना मी ते सांगणार नाही.

फळ गळतं ते किडीनंच असं नाही

एका गावात एक काकू मला म्हणाल्या, "भाऊ, फुलं रग्गड लागतेत, बारकं फळ धरतंय अन् पिवळं पडून गळतंय. दोन बाऱ्या औषध मारलं, जास्तच गळाया लागलं." गळलेली दोन फळं चिरून पाहिली. डिंक नाही, छिद्र नाही, अळी नाही. ती कीड नव्हतीच.

या वेलींना नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं असतं. मादी फुलाच्या मागं जन्मतःच बारीक फळ असतं. नराचा पराग तिच्यावर पोचला तर ते वाढतं, नाही पोचला तर पिवळं पडून गळतं. सुरुवातीला नुसती नर फुलं येतात आणि गळतात, त्यात काळजीचं काही नाही. पराग नेण्याचं काम काशीफळात आणि काकडीत मधमाशी करते. काशीफळाचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. नेमकं त्याच सकाळी आपण फवारतो. मधमाशी मेली, फळ धरेना, म्हणून आणखी फवारलं. काकूंच्या वेलीचं हेच झालं होतं. फवारा बंद केला. सकाळी नर फूल खुडून, पाकळ्या काढून मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायला सांगितलं. दुधी आणि दोडका यांची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांच्यासाठी हे काम दिवेलागणीला करायचं. तेव्हा गळलेलं फळ दिसलं की आधी विळीवर चिरा. अळी असेल तर फळमाशी, नसेल तर पराग.

बाटलीविषयी

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली. त्याच्या चार वर्षं आधी, जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं दुपारचं जेवण जेवून २३ मुलं मेली. ज्या तेलात भाजी केली त्यात मोनोक्रोटोफॉस सापडलं. शेतातलं विष आणि घरातलं जेवण यांच्यामधली भिंत किती पातळ आहे ते यावरून समजा. रिकामी बाटली, डबा, ज्या बादलीत औषध कालवलं ती बादली, यातलं काहीही घरात पाण्याला, तेलाला, दाण्याला वापरायचं नाही. डबा भोसकून टाका म्हणजे दुसरा कुणी उचलणार नाही. पंपात उरलेलं औषध वेलीवर नाही, विहिरीच्या कडेला नाही, ओढ्यात नाही. मोजून कालवा म्हणजे उरणारच नाही, आणि उरलंच तर त्याच कापसाच्या तासात संपवा. फवारल्यावर कुणाला दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यापुढं अंधुक असं झालं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. अंगावरचे कपडे काढा, साबणानं धुवा आणि बाटलीवरचा कागद बरोबर घेऊन दवाखाना गाठा. कोणतं विष ते कागदावरून डॉक्टरला लगेच कळतं.

वेलीवर फवारण्यासारखं काही लागलंच तर निंबोळी अर्क. पाच किलो वाळलेली निंबोळी कुटून रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, त्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून एकूण शंभर लिटर पाणी करायचं. घरच्या वेलींना याचा दहावा हिस्सा पुरे, म्हणजे अर्धा किलो निंबोळी. मावा, पांढरी माशी, पानं खाणाऱ्या लहान अळ्या यांना ते आवरतं. त्याच दिवशी वापरायचं, ठेवायचं नाही. काशीफळ-काकडीवर संध्याकाळी मारा. दुधी-दोडक्यावर सकाळी, फुलं वाचवून. गंधक मात्र या वेलींवर उन्हात मारू नका, यांची पानं त्याला हळवी आहेत, करपतात.

निंबोळी जूनमध्ये झाडाखाली सडा पडते आणि गुरांच्या पायाखाली जाते. ऑगस्टमध्ये आपण निंबोळीचा अर्क म्हणून तीच बाटलीत विकत आणतो. यंदा प्रत्येक घरानं निदान पाच किलो वेचून, धुऊन, सावलीत वाळवून पोत्यात ठेवावी. क्यू-ल्युअरच्या ठोकळ्या गावागावानं एकत्र मागवाव्या, ज्यांना हव्यात त्यांनी जाण्याआधी कार्यकर्त्यांकडं गावाचं नाव आणि घरांचा आकडा लिहून द्यावा. पुढच्या बैठकीला येताना मायबहिणींना बरोबर आणा, आणि वेलीवरचं भोकं पडलेलं पान, त्यावरची कीड, गळलेलं फळ असं काहीही डबीत घालून घेऊन या. कापसाच्या भावाआधीचा अर्धा तास त्या डब्यांसाठी ठेवायचा असं संयोजकांशी माझं बोलणं झालं आहे.